ग्रासमध्ये न आलेला वास

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासला जायचं हे आमच्या मुलीनं ठरवलं. ती ॲन आर्बरमध्ये लहानाची मोठी झाली, आता शिकागोत नोकरी करते. "आई, तिथे शेकडो वर्षं परफ्यूम बनवतात. यू विल लव्ह इट," ती फोनवर म्हणाली. मला अत्तरांचं वेड आहे. नवऱ्याला त्यातलं काही नाही, पण मुलीबरोबर आठवडा मिळतोय म्हटल्यावर तोही खुशीत निघाला.

मे महिना होता. डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव, फिकट पिवळी घरं आणि इतक्या चिंचोळ्या गल्ल्या की समोरच्या खिडकीतून हात लांबवून मीठ मागता यावं. काही गल्ल्यांवर गुलाबी छत्र्या टांगल्या होत्या. संग्रहालयात कळलं, की पूर्वी इथे चामडं कमावत. त्याची दुर्गंधी जावी म्हणून हातमोज्यांना सुगंध लावायला लागले. पुढे चामड्याचा धंदा गेला, सुगंधाचा राहिला.

दुपारी गावाबाहेरच्या गुलाबाच्या शेतावर गेलो. सकाळी खुडलेल्या फुलांनी भरलेलं एक पोतं आमच्यापुढे उघडलं, तेव्हा मी त्यात जवळजवळ तोंडच खुपसलं. माझ्यामागून नवऱ्यानंही वाकून वास घेतला.

"मस्त आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं एका छोट्या कार्यशाळेत जागा राखून ठेवल्या होत्या. आपलं परफ्यूम आपणच बनवायचं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, हसतमुख. इंग्रजी सावकाश बोलायच्या. त्यांनी कागदाच्या पट्ट्या अर्कांत बुडवून आम्हाला दिल्या. मुलगी आणि मी 'लिंबू', 'मोगऱ्यासारखं काहीतरी' असं बोलत होतो. नवरा प्रत्येक पट्टी नाकाशी नेऊन मान डोलवत होता.

मग आपापले अर्क मिसळून झाल्यावर त्यानं आपलं मिश्रण बाईंकडे दिलं. त्यांनी ते हुंगलं आणि मान झटकन मागे घेतली. मुलगी खो खो हसायला लागली, "बाबा, व्हॉट डिड यू डू?" मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक बाटली काढली आणि एक पट्टी बुडवून त्याच्या हातात दिली. टेबलापलीकडे मला तो वास आला, जनावरांच्या गोठ्यासारखा. मुलीनं नाक दाबलं.

नवऱ्यानं पट्टी नाकाशी धरली. नीट, लांब श्वास घेतला.

"छान आहे," तो म्हणाला. "फूल कुठलं हे?"

माझ्या अंगावर काटा आला. मुलगी हसायची थांबली.

"तुला खरंच वास येत नाहीये?" मी मराठीत विचारलं.

त्यानं आमच्या तिघींच्या तोंडाकडे पाहिलं. "वासच नाही याला," तो म्हणाला. "कालच्या फुलांनाही नव्हता. मला वाटलं, तुम्ही उगाच कौतुक करताय."

"केव्हापासून रे?"

"काय माहीत. कमी झाला असेल हळूहळू. लक्षातच नाही आलं."

सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्याही लक्षात आलं नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखवा. याची गंमत करू नका."

उरलेले दिवस आम्ही फिरलो, फोटोही काढले. मला मात्र ते गाव धड दिसलंच नाही. त्याला बरोबर घेऊन त्या घमघमाटातून चालताना मला धडकी भरायची.

ॲन आर्बरला परतल्यावर डॉक्टरांनी आधी नाक तपासलं, मग डोक्याचा एमआरआय करायला लावला. पडद्यावर कपाळाच्या आत, डोळ्यांच्या वर, गोल पांढरी गाठ होती. मोठ्या लिंबाएवढी. डॉक्टरांनी ती बोटानं दाखवली तेव्हा मला ऐकू येईना, नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. नवऱ्यानंच विचारलं, "कॅन्सर?"

"तशी दिसत नाही. पण वर्षानुवर्षं वासाच्या नसांवर दाबत वाढत आली आहे. आणखी वाढली असती तर नजर गेली असती, स्वभावही बदलला असता."

ऑपरेशन दिवसभर चाललं. मुलगी शेजारी बसून माझा हात धरून होती, आणि मला मात्र सारखे तिच्या बाबांचे ते शब्द आठवत होते: फूल कुठलं हे?

गाठ साधी निघाली आणि पूर्ण निघाली. नवरा आता कामावर जातो, सायकल चालवतो. वासाच्या नसा मात्र गेल्या त्या गेल्याच. सकाळी फ्रीजमधून दुधाचा कॅन काढला की तो आधी माझ्या नाकासमोर धरतो. मी मान हलवली, की चहात ओततो.