आक्काची आकडी

"ते गटारातलं लोखंड आधी उचल. पाहुणे यायचेत."

मालक मला म्हणाला. मी उचललं.

लोखंड म्हणजे आक्काची आकडी. माझ्या थोरल्या बहिणीची. खासबागच्या नाल्यातून प्लास्टिक ओढून काढायची वाकडी सळई. तिच्यावरच आम्ही भावंडं जगलो. त्या दिवशी खंडेनवमी, हत्यारं पुजायचा दिवस. पिरनवाडीच्या कारखान्यात नवं मशीन आलं होतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या वितळवून फरश्या करणारं. त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू. आक्कानं आकडी घासून, धुऊन त्याच्या पायाशी ठेवली होती. ड्रायव्हरचा पाना चालला. वायरमनचा टेस्टर चालला. आकडी चालली नाही.

एका पाहुण्यानं विचारलं, "ही बाई कोण?"

"कामाला हाय," मी म्हणालो.

बहीण म्हणालो नाही. मशीन चालवायला शिकलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. जीभच वळली नाही.

आक्कानं ऐकलं. रडली नाही. हसली.

"बटन दाबायला लागलास, लई मोठा झालास रं! पण एवढं सांग, तुझं मशीन खातंय काय? म्या उचलल्यालंच न्हवं?"

आक्काशेजारी बसलेल्या कामाच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मालक खेकसला, "गप बसा गं! आणि तू रं, चालू कर."

नारळ फुटला. माझं बोट बटनावर. दुसऱ्या हातात आकडी. अजून ओली.

बोट काढलं.

"ही माझी सख्खी बहीण हाय. आधी तिची आकडी ठेवा. मग बटन."

"तुझ्यावाचून अडलंय व्हय रं?"

मालकानं स्वतःच बटन दाबलं. मशीन गुरगुरलं. पट्टा फिरायला लागला. रिकामाच. त्यावर माल टाकणाऱ्या बायका आक्काशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. एकही उठली नाही. पाहुणे रिकामा पट्टा बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मला, आक्काला आणि त्या बायकांना गेटवरच अडवलं. प्लास्टिकनं भरलेली आमची पोती तेव्हापासून आमच्याच दारात आहेत. काल मालकाचा निरोप आला, झालं गेलं विसरा, माल घेऊन या.

मशीनशी माझं वैर नाही. चांगलं आहे ते. नाले मोकळे होतील. पण मी विसरणार नाही. त्याचं 'गटारातलं लोखंड' नाही आणि माझं 'कामाला हाय' तर मुळीच नाही.

जाऊ आम्ही. आकडी पुढं, पोती मागं. आणि आता ती पायाशी नाही ठेवायची. मशीनच्या डोक्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. ज्याला चालत नसेल, त्यानं आपली घाण आपल्या हातानं उचलावी.