चौदा हजार किलोमीटर आणि घासलेला कठडा

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नसीम शेख निळ्या गाडीच्या उघड्या दाराशी गुडघे टेकून बसली होती. डाव्या हातात विजेरी होती आणि उजव्या हाताचं मधलं बोट ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या कडेवरून सावकाश सरकत होतं. गाडी दोन दारांची, दोन सीटांची, जमिनीपासून वीतभर उंच. हिंजवडीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या बाबुरावांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात ती गेले नऊ दिवस उभी होती.

सीटच्या त्या उंच कडेला नसीमचे वडील शमशुद्दीन कठडा म्हणत. गाडीत शिरताना आणि उतरताना माणूस त्याच्यावरून घसरतो. गाडी जितकी बुटकी, तितका तो जास्त घासतो. मीटर मागे फिरवता येतो, टायर नवे घालता येतात, इंजिन धुता येतं. कठडा मात्र किती वेळा कुणी बसलं ते सांगून टाकतो.

आणि हा कठडा मीटरशी जुळत नव्हता. मीटर सांगत होता चौदा हजार दोनशे किलोमीटर. कठड्याचं लेदर दिसत होतं साठ हजार चाललेल्या गाडीचं.

"नसीमताई, जास्त बघत बसू नका," बाबुराव मागून म्हणाले. "तेवढा तुकडा बदलून टाका. नवं लेदर, जुनं लेदर, कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तुम्हाला त्याचेच पैसे देतो ना."

"बघण्याचे देता. झाकण्याचा दर वेगळा असतो, आणि तो मी लावत नाही."

बाबुराव हसले, पण त्यांनी हसू लगेच आवरलं. आत काचेच्या केबिनमध्ये दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

एक आनंद. परभणीचा, वय एकोणचाळीस, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी, २०११ साली, त्याने ही गाडी पहिल्या मालकाकडून बत्तीस लाखांना घेतली होती. आता चोवीस लाखांना विकायला काढली होती. दुसरी नम्रता, एका आयटी कंपनीत टीम लीड. वर्षभर अशी गाडी शोधत होती. तिला किंमत मान्य होती, रंग मान्य होता. काल संध्याकाळी कठड्यावर तिची नजर गेली आणि तिने विचारलं, "मीटर किती मागे घेतलाय?" आनंदला ते झोंबलं. मीटर फिरवलेला निघाला असता तर गाडी सतरा लाखांच्या वर गेली नसती. पण आनंदला सात लाखांहून तो प्रश्न जास्त लागला होता. "मी चोर आहे का?" तो म्हणाला होता. "ते सीटच सांगेल," असं नम्रताचं उत्तर होतं. म्हणून आज नसीमला बोलावलं होतं.

नसीमचं सीटा शिवायचं दुकान पुण्याच्या कसब्यात. आजोबा टांग्याच्या गाद्या भरत, वडिलांनी रिक्षा आणि स्कूटरच्या सीटा शिवल्या, मग मारुतीची कव्हरं. शमशुद्दीनना मुलगा नव्हता याचं दुःख शेजाऱ्यांना होतं, त्यांना नव्हतं. नसीम चौदाव्या वर्षी मशीनवर बसली. नव्वदनंतर परदेशी कंपन्यांच्या गाड्या आल्या, त्यांच्या सीटा कारखान्यातूनच धड येऊ लागल्या आणि कुशनवाल्यांची दुकानं एकेक करून मोबाईलची झाली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला असलेला नवरा, आमीर, म्हणाला, "माझा पगार येतोय, दुकान बंद कर." ती म्हणाली, "तुझा कारखाना बंद कर म्हटलं का मी?" विषय तिथेच संपला.

२००३ साली एका डॉक्टरांनी जुनी गाडी घेण्याआधी कव्हरं शिवायला टाकली. नसीमने सीट उघडली आणि सांगितलं, "ही घरची नाही, भाड्याने फिरलेली आहे. मागच्या सीटचा स्पंज पुढच्यापेक्षा जास्त बसलाय." डॉक्टरांनी सौदा मोडला आणि चार मित्रांना तिचा नंबर दिला. तेव्हापासून आयटीवाल्यांच्या गाड्या हातोहात फिरू लागल्या, तशी नसीमची चिठ्ठीही फिरू लागली. वहीचं एक पान, वर गाडीचा नंबर, खाली सात-आठ ओळी आणि सही. अकरा वर्षांत त्या चिठ्ठीवर कुणी वाद घातलेला नव्हता. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. बाबुराव मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

आता या चिठ्ठीत काय लिहायचं?

ती अजून खाली वाकली. अ‍ॅक्सिलरेटरच्या रबरावरच्या रेघा धारदार होत्या. टाच टेकते तिथला गालिचा दाट होता, केस जेमतेम दबलेले. स्टिअरिंगचं लेदर कोरं. ही गाडी साठ हजार चाललेलीच नव्हती. मीटर खरा होता. मग कठडा का खोटं बोलेल?

तिने विजेरी आडवी धरली. उजेड कडेवरून सरपटत गेला आणि तिला ते दिसलं. घसरून बसणाऱ्या माणसाने कठडा मधोमध झिजतो. हा दोन टोकांना झिजला होता, एक डाग पुढे, एक मागे, आणि मधला भाग त्या मानाने बरा होता. शिवाय जीन्सने लेदरचा रंग उडतो, पांढुरकं पडतं. इथे रंग उडालेला नव्हता, उलट गडद झाला होता आणि वर चमक आली होती. जिन्याच्या लाकडी कठड्याला येते तशी.

ही मांडीची झीज नव्हती. तळहाताची होती.

नसीमने पिशवीतून शिवणकामाचा खडू काढला, दोन्ही डागांभोवती गोल काढले आणि केबिनमध्ये गेली.

"आनंदराव, घरी वयस्कर कोण आहे? गुडघे दुखणारं?"

"माझे वडील. का?"

"ते गाडीत बसतात?"

आनंद हसला. "अण्णा? त्यांना ही गाडी डोळ्यांसमोर नको असते. घेतली त्या दिवशी म्हणाले, दोनच माणसं बसतात तर बाकीच्यांनी काय मागं पळायचं? त्यांना आणि आईला बसता यावं म्हणून तर ही विकून मोठी घेतोय."

"त्यांना बोलवा. का ते सांगू नका."

नम्रता खुर्चीत सरळ झाली. "ताई, हे आधीच ठरवलेलं नाही कशावरून?"

"मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. तुम्ही बाहेर येऊन खडूचे गोल बघून ठेवा. मोबाईलवर फोटो काढा, वेळ येते त्याच्यावर. मग ते येतील, बसतील, उतरतील. हात कुठे पडतात ते तुम्ही बघा. मी बोलणार नाही."

नम्रताने फोटो काढले. दोन बाजूंनी, चार.

पावणेबाराला रिक्षातून नागोराव उतरले. वय त्र्याहत्तर, पांढरा सदरा, पायजमा. परभणीच्या जिनिंग कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढलेली. बायकोसह मुलाकडे राहायला येऊन चार वर्षं झालेली.

"काय झालं रे? अर्धा भात टाकून आलो."

"अण्णा, जरा गाडीत बसून दाखवा."

"मी? कशाला?" नागोरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मला काय समजतं त्यातलं."

"बसा ना काका," नम्रता म्हणाली.

त्या गाडीच्या दाराची मूठ पत्र्यात बुडालेली होती. नवा माणूस ती हमखास चाचपडतो. बाबुराव स्वतः पहिल्या दिवशी चाचपडले होते. नागोरावांनी न बघता बोटं घातली आणि दार उघडलं. पाठमोरे होऊन आधी बसले, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. आनंद बघतच राहिला.

"उतरू?"

"उतरा."

पाय बाहेर आले. नागोराव दाराकडे तोंड करून बसले, डावा तळहात कठड्याच्या पुढच्या टोकावर टेकवला, उजवा मागच्या टोकावर, आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत उठले. दोन्ही हात खडूच्या गोलांत पडले होते. सदऱ्याला हात पुसताना त्यांना खडू दिसला.

"हे कुणी लावलं?"

"मी," नसीम म्हणाली. "काका, रोज किती वाजता बसता?"

नागोरावांनी सदऱ्यावरचा खडू झटकला. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "चार वाजता. पोरगा कंपनीच्या बसनं जातो, किल्ली फ्रिजवर असती."

"रोज?" आनंद म्हणाला. "अण्णा, तुम्ही रोज…"

"का? शेजाऱ्याच्या गाडीत बसलो का?"

"मग सांगायचं ना!"

"काय सांगायचं? गाडी आणली त्या दिवशी चार माणसांत म्हणलो, वाया गेला पैसा. मग तुझ्यासमोर कसं बसायचं?" आता ते आनंदकडे वळले. "पार्किंगमधी दीडशे गाड्या हायेत. अशी एकच हाय. वॉचमनला मी सांगतो, माझ्या पोराची. दोन वेळा बसतो, दोन वेळा उतरतो, पुसून ठेवतो. चालवायला हात लावला नाही कधी. बटणं लई हायेत."

बाबुरावांनी खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं. आनंदने चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा घातला.

नसीमने वही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. मीटर खरा. पॅडल, गालिचा, स्टिअरिंग चौदा हजाराला शोभेल असं. ड्रायव्हरच्या सीटचा कठडा दोन टोकांना घासलेला. कारण बसणं-उतरणं, चालवणं नव्हे. समक्ष पाहिलं. सही. पान फाडून तिने ते नम्रताला दिलं, बाबुरावांना नाही.

नम्रताने दोनदा वाचलं. "चोवीस मान्य," ती म्हणाली, आणि आनंदकडे वळून, "काल बोलले ते चुकलं माझं."

"चालतं," आनंद म्हणाला. न चालल्यासारखं म्हणाला, पण म्हणाला.

"फक्त कठडा बदलून द्या, ताई. पाच वर्षांनी मलाही विकायची आहे. तेव्हा दर गिऱ्हाइकापुढे काकांना कुठून आणू?"

"रिक्षाचं भाडं दिलं तर येईन की," नागोराव म्हणाले.

या वेळी सगळेच हसले. मग नागोरावांनी नसीमला विचारलं, "बाई, नुसत्या हातानं एवढं झिजतं?"

"तीन वर्षांत झिजतं, काका. नीट टेकवलेला हात आहे तुमचा. एकाच जागी पडतो."

"काट्यावर होतो," नागोराव म्हणाले. "हात हलला की वजन चुकतं." पोराच्या गाडीबद्दल सांगताना होता तोच ताठा या वाक्यात होता. नसीमला तो ओळखीचा वाटला.

"आता बदलायला हरकत नाही ना?" बाबुरावांनी तिला टोमणा मारला.

"आता नाही. आता चिठ्ठीत लिहून बदलणार."

कसब्यातल्या बोळात ही गाडी शिरत नाही, पोट घासतं. म्हणून बाबुरावांच्या माणसाने चार बोल्ट काढून सीट सोडवली आणि टेम्पोत चढवली. नसीम टेम्पोतच पुढे बसून गेली. उद्या मंगळवार. सव्वानऊला ती शटर उघडेल आणि पहिलं काम या कठड्याचं असेल: जुनं लेदर उसवायचं, त्याच रंगाचं नवं कापायचं, दुहेरी टाक्याने शिवायचं. सीट दीड वाजेपर्यंत आवारात पोहोचायला हवी. नम्रता अडीचला गाडी न्यायला येणार आहे.