बाबांनी बदललेलं गाऱ्हाणं

कोरगावातून दाबोळी विमानतळाकडे निघालेली आमची टॅक्सी दोन मिनिटांत थांबली. गावाच्या सीमेवर एका झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. गाव सांभाळणारा तो. तिथे बाबांनी टॅक्सी थांबवायला लावली. टॅक्सीवाला म्हापशाचा, त्याला आमच्या राखणदाराचं काय कौतुक. "बेगीन करात हां, जुवारीच्या पुलार ट्रकांची रांग आसतली," असं म्हणत त्याने इंजिन चालूच ठेवलं. मी नवे बूट घातले होते. त्यांच्या नाड्या सोडायला मला इतका वेळ लागला की दादाने खाली बसून एक बूट ओढून काढला.

बाबांनी विडा ठेवला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवापुढे उभं राहून, गावच्या बोलीत, खणखणीत आवाजात घातलेलं साकडं ते. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या वाड्यावर तो मान आमच्या घराचा, म्हणजे बाबांचा. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. त्यामुळे वायर तुटली तरी लोक त्यांनाच हाक मारत आणि गाय दूध देईनाशी झाली तरी त्यांनाच.

पण त्या सकाळी बाबांची पंचाईत झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. गाऱ्हाण्याचे शब्द ठरलेले असतात. आजाऱ्याचं वेगळं, नव्या घराचं वेगळं, आखातात किंवा बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पुरुषांचं वेगळं, आणि लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीचं वेगळं. मुलगी एकटीच अमेरिकेला शिकायला निघाली तर काय म्हणायचं, ते बाबांना त्यांच्या बापाने शिकवलं नव्हतं. त्यांनी त्यातल्या त्यात जवळचं निवडलं, जसं गेलं तसं लवकर घरी आण, असं मागणारं.

"बा म्हाराजा, आमचें लेकरूं परमुलखाक भायर सरलां. वाटेक घाटाक तेका सांबाळ. काम आटपून, जशें गेलां तशें बेगीन घरा हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई, दादा आणि मी म्हणालो. टॅक्सीवालाही म्हणाला. लवकर आटपावं म्हणून असेल.

गोवा घटक राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा. पेडण्याहून शिकायला पणजीला जाणंसुद्धा आमच्याकडे लांब जाणं होतं. मी गेले ती थेट अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांत वसलेल्या एका विद्यापीठात, भूजलावर पीएच.डी. करायला. डिचोलीला मामाच्या घरामागे खाणीचा खड्डा खोल होत गेला आणि मामाच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हापासून मला जमिनीखालच्या पाण्याचं वेड होतं. अर्जात मी हे फार सुंदर इंग्रजीत लिहिलं होतं.

त्या वर्षांची आठवण म्हणून कुणी विचारलं तर मला आधी दमणूक आठवते. पुनवेच्या उत्सवाला पेडण्यात जेवढी गर्दी होते, तेवढी तिथे रोज दोन वर्गांच्या मधल्या दहा मिनिटांत रस्त्यावर उतरायची आणि मग एकदम कुठेतरी गडप व्हायची. माझी लॅब तळघरात होती. खिडकी नाही. बाहेर बर्फ पडतंय की ऊन, ते आत येणाऱ्यांचे बूट बघून कळायचं. दिवसभर पाण्याच्या बाटल्यांना लेबलं लावायची, मशीनमध्ये नमुने घालायचे, दुपारी पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रॅक्टिकल शिकवायचं आणि त्यांचे रिपोर्ट तपासायचे. एक रिपोर्ट तपासून झाला की दुसरा तसाच, त्याच चुका असलेला. ज्या सेमिनारला फुकट पिझ्झा असेल तो सेमिनार कुठल्याही विषयावर असला तरी मी जायचे. अंतराळातल्या धुळीबद्दल मला आजही थोडंफार बोलता येतं, ते त्या पिझ्झ्यामुळे.

तिथल्या मराठी मंडळींनी गणपतीला बोलावलं. एक बाई पुण्याच्या. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तू मराठीच ना? मग असं का बोलतेस?" आता काय सांगणार? आम्ही घरात बोलतो गावची बोली आणि वाचतो, लिहितो, आरत्या म्हणतो ते मराठीत, आणि यात काही वावगं आहे असं आमच्या पेडण्यात कुणालाच वाटत नाही. मी म्हटलं, "प्रवासामुळे घसा बसलाय." पुढच्या वर्षी गेलेच नाही.

घरी नुकताच फोन बसवला होता. रविवारी सकाळी फोनचं कार्ड खरवडून मी नंबर लावायचे. आई विचारायची, "जेवलंस मगो?" दादा कामाचं विचारायचा. बाबा शेवटी यायचे, "बरें आसा मां?" म्हणायचे आणि माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत रिसिव्हर आईकडे द्यायचे. परदेशाचा फोन तापतो, अशी त्यांची काहीतरी समजूत असावी. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस!

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या गाइडने लॅबमध्ये येऊन, कोट न काढताच सांगितलं की तो दुसऱ्या विद्यापीठात चाललाय. तिथे विद्यार्थ्यांना जागा नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या बाईने मला टिश्यू पेपरचा डबा पुढे केला आणि नियम वाचून दाखवला: सत्र संपेपर्यंत दुसरा गाइड मिळाला तर ठीक, नाहीतर परत जावं लागेल. मी दारोदार फिरले. सगळे गोड बोलले. सगळ्यांचे हात भरलेले होते. घरी जायचं तर डिग्रीशिवाय, आणि तेही सगळ्या कोरगावाने हार घालून पाठवल्यावर. मला ते नको होतं. मेले तरी नको होतं.

रविवारी फोनवर मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच बाबांनी रिसिव्हर आईकडे दिला नाही. मग म्हणाले, "बाय, चूक माजी जाली."

"तुमची कशी?"

"बोटीर वतल्यांचें गाराणें घातलें मी तुका. बेगीन घरा हाड म्हणून सांगलें. आतां तो हाडता. तो आपलें काम करता."

मला हसू यायला हवं होतं. पण मी इतकी थकले होते की संताप आला. मी ओरडले, "बाबा, तुमच्या राखणदाराक हंय कोण वळखता?" आणि फोन ठेवला. कार्डावर मिनिटं शिल्लक होती तरी परत लावला नाही.

पुढे तीनेक आठवड्यांनी एक म्हाताऱ्या प्रोफेसरबाई मला घ्यायला तयार झाल्या. निवृत्तीला आलेल्या, विभागात कुणाशी न पटणाऱ्या. त्यांनी माझ्या वहीतल्या नोंदी तासभर वाचल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये." एवढंच. मी घरी कळवलं. आई देवाचं नाव घेत रडली. बाबा म्हणाले, "बरें जालें," आणि रिसिव्हर लगेच आईकडे दिला. मला वाटलं, मी ओरडले म्हणून अजून रुसलेत.

पहिल्यांदा घरी गेले ती चौथ्या वर्षी, चवथीला. बॅगेत चॉकलेटं, अंगात झोप. आठ दिवस नुसतं झोपावं आणि आईच्या हातचं खावं, याहून जास्त काही मला नको होतं. गणपतीपुढे बाबांनी घरचं गाऱ्हाणं घातलं. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं. दादाचं आलं, वहिनीचं आलं, रांगणाऱ्या पुतणीचं आलं. माझं आलं नाही. शेवटी बाबा म्हणाले, "आनी म्हायेराक आयिल्ली लेक. तिकाय सुखी दवर."

'व्हय म्हाराजा' म्हणता म्हणता चुलत काकी फिसकन हसली. "म्हायेराक? मगे सासर खंयचें गो तुजें?" सगळे हसले. मीही हसले. वाटलं, म्हातारा माणूस, चुकला असेल. पण बाबा हसले नाहीत आणि आई उठून आत गेली.

आई नारळ खवत बसली होती. मी समोर बसले. तिने विळीवरून मान वर न करता सगळं सांगितलं. मी ओरडून फोन ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. सकाळीच नारळ घेतला आणि आईला म्हणाले, चल. गाऱ्हाण्याला वाड्यावरची चार माणसं लागतात, पण कुणाला बोलावलं नाही. काय म्हणून बोलावणार? राखणदारासमोर उभे राहिले आणि सासरी जाणाऱ्या लेकीचं गाऱ्हाणं घातलं. आमचं लेकरू दुसऱ्या घरचं झालं. आजपासून त्याची राखण तिथल्या देवांकडे. तुझ्या राखणीतून ते सोडलं. दिल्या घरी सुखाने नांदू दे.

"मदींच तेंचो आवाज बसलो," आई म्हणाली. "पुराय जायना. हांवें म्हणलें, म्हणात, आर्दें सोडूंक जायना. मगीर म्हणलें. 'व्हय म्हाराजा' म्हणूंक दुसरें कोण नासलें. माका म्हणूंचें पडलें."

लग्नाच्या मुलीच्या वेळी हे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मांडव असतो, वाजंत्री असते, मुलगी समोर असते. तिच्या शेजारी तिला नेणारा कुणीतरी असतो. माझ्या वेळी दोन माणसं होती आणि एक दगड. मी तळघरात बाटल्यांना लेबलं लावत होते.

संध्याकाळी बाबा बाहेर बलकांवावर, दारासमोरच्या बसायच्या कट्ट्यावर, बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, माजें नांव परत घालात." विनवणी करायला मला जमत नाही, ती ऑर्डर दिल्यासारखी झाली.

ते रस्त्याकडे बघत राहिले. "दिल्लें परत कशें मागूं गो? तो कितें म्हणटलो?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आनी तो परत हाडूंक लागलो तर? तुजें शिकप सोंपूंक आसा मगो."

हे सगळं थोतांड आहे, बाबा, असं मी म्हणू शकले असते. माझ्याकडे दोन डिग्र्या होत्या, तिसरी होत होती. पण बाबा जे माझ्यासाठी देऊन बसले होते त्याला थोतांड म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

डिग्री झाली. मग दुसऱ्या तेवढ्याच मोठ्या कॅम्पसवर नोकरी लागली. आता माझीच मुलं, म्हणजे विद्यार्थी, माझ्या ऑफिसात येऊन रडतात आणि टिश्यूचा डबा मी पुढे करते. लग्न झालं नाही. गावी जाते ती पंधरा दिवसांची रजा काढून, माहेरपणाला. निघताना आई ओटी भरते. पहिल्यांदा भरली तेव्हा वहिनी बावरली होती, आता ती स्वतःच तांदूळ आणून ठेवते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले आणि तिथलेच झाले, त्यांना बाकी सगळं ठाऊक आहे. विमानतळावरची ती घाई, परतल्यावर रिकाम्या घराचा वास. ते मी लिहीत नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. यंदा चवथीच्या आधी दादाचा फोन आला. आता गाऱ्हाणं त्याने घालायचं. शब्द विसरलो तर काय, म्हणाला. मग सहज विचारावं तसं म्हणाला, "बाय, घरच्यांत तुजें नांव घालूं?"

या प्रश्नाची मी कितीतरी वर्षं वाट बघत होते. तोंडातून 'नको' निघालं. म्हटलं, बाबांनी सांगितलंय तसंच राहू दे. दादाला बरं वाटलं असावं. त्याने लगेच फुलांचं बोलायला सुरुवात केली. फोन ठेवून मी वर्गावर गेले, तासभर शिकवलं आणि मग गाडीत बसून खूप रडले.

घर कुठलं विचारलं की मी अजून कोरगाव सांगते. पण मला परत जावंसं वाटतं ते त्या घरात नाही. मला त्या सकाळी राखणदारापाशी जायचंय, बाबांचा आवाज बसला त्या क्षणाला. आईने 'म्हणात' म्हणायच्या आधी तिथे पोचून म्हणायचंय, राहू द्या बाबा, सोडू नका मला, मी येते परत. आणि एवढी वर्षं झाली तरी मी स्वतःला खात्रीने सांगू शकत नाही की मी खरंच तसं म्हटलं असतं. मला डिग्री हवी होती. बाबांना ते माहीत होतं.