टिंबकाकांची अकरा टिंबं

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाकडी फूटपट्टी धरून वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे टिंबकाका. एका सरकारी छापखान्यात प्रूफं तपासून रिटायर झाले आणि मग नोएडात आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आले. ओळीखाली पट्टी, पट्टीवर बोट, आणि तोंडाने अखंड जप: "स्वल्प... अवतरण सुरू... अवतरण बंद... पूर्ण!" मजकूर इंग्रजी, पण चिन्हं मराठी. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे कुठलं तरी स्तोत्र म्हणतायत.

मी लातूरची. यूपीएससीसाठी दिल्लीत आले, तीन वेळा आपटले, आणि कुठलं तोंड घेऊन गावी जायचं म्हणून ही नोकरी धरली. कंपनी डीबगर बनवायची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम. तो कसा वापरायचा याचं जाडजूड मॅन्युअल आम्ही लिहायचो. "अच्छा," काका म्हणाले, "म्हणजे चुका शोधणाऱ्याच्या पुस्तकातल्या चुका आपण शोधायच्या. आणि आपल्या कोण शोधणार?" मी हसले. तेव्हा हसू आलं खरं.

चुका तरी केवढ्या? कुठे कंस उघडा राहिलेला, कुठे एकाच शब्दापुढे दोन टिंबं. सगळा मजला त्यांना हसायचा. "अंकल, कौन पढ़ता है ये?" कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "जो फँसा हुआ है, वो पढ़ता है." मग माझ्याकडे वळून मराठीत, "अडलेला माणूस एकेक अक्षर वाचतो गं. त्याला फसवू नये."

चुका दाखवायची खोड ऑफिसपुरती नव्हती. एकदा मला करोलबागेतल्या मराठी खानावळीत घेऊन गेले. पाटीवर लिहिलेलं, 'कांदा, पोहे'. काकांनी गंभीरपणे ऑर्डर दिली, "पोहे आण. कांदा नको." मालक म्हणाला, "अहो, कांदा त्यातच असतो!" "मग मध्ये स्वल्पविराम कशाला घातलास, यार?" त्यांनी फडकं मागून घेतलं आणि उठून तो स्वल्पविराम पुसला, तेव्हा कुठे पोहे खाल्ले. स्वतःच्या नातीलाही सोडत नसत. दिल्लीत वाढलेली ती पोर मराठी निबंधातल्या प्रत्येक वाक्याशेवटी हिंदीसारखा उभा दंड द्यायची. "निबंध लिहितेस की फाटकाचे गज लावतेस?" असं म्हणायचे, आणि तिचे कागद मात्र पाकिटात जपून ठेवायचे.

"टोकणारं एक तरी माणूस जवळ असावं," हे त्यांचं पालुपद. अपवाद एकच. संध्याकाळी निघताना गार्डने "अंकल, किधर?" विचारलं की काका भडकायचे, परत येऊन खुर्चीत दोन मिनिटं बसायचे, पाणी प्यायचे आणि मगच निघायचे. "निघालेल्या माणसाला टोकू नये. बाकी सगळीकडे बिल्कुल टोकावं."

कॉन्ट्रॅक्टवाल्याला लॉगिन मिळत नसे. त्यामुळे काका सांगायचे आणि मी माझ्या लॉगिनवरून दुरुस्ती करायचे. त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. छापखान्यात प्रत्येक प्रूफावर वाचणाऱ्याची सही लागायची. "दुरुस्ती माझी, नाव तुझं. हे काही बरोबर नाही," म्हणायचे. मी म्हणायचे, "जाऊ द्या हो काका, कोण बघतंय?"

मग ते पान आलं. डीबगरला द्यायच्या आज्ञा राखाडी चौकटींत छापलेल्या होत्या. लोक त्या तशाच उचलून आपल्या कॉम्प्युटरवर चिकटवतात. काकांची पट्टी तिथे थांबली. "वाक्य लटकतंय गं. दे टिंब. सगळ्या चौकटींत दे." माझी बोटं थांबली. मला माहीत होतं, आज्ञेच्या शेवटी टिंब आलं तर डीबगर ती घेणार नाही. पण जेवायची वेळ झाली होती, आणि रोज मला शिकवणाऱ्या माणसाला मी काय शिकवू, असं वाटलं. अकरा चौकटी होत्या. अकरा टिंबं दिली.

तक्रार आली ती नेमकी माझ्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे नोकरी पक्की व्हायच्या आठवड्यात. ग्राहक म्हणत होता, या पानावरची एकही आज्ञा चालत नाही. आमच्या मॅनेजर सक्सेना मॅडमनी कोणी काय बदललं याच्या नोंदी उघडल्या, तर अकराही ठिकाणी माझं नाव. ही नोकरी गेली असती तर लातूरला चौथ्यांदा नापास होऊन जावं लागलं असतं. तेवढ्यात काका पट्टीसकट आत आले.

"मॅडम, उँगलियाँ इसकी थीं. बिंदी मेरी है."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हें नहीं दिखा था?"

"नहीं," मी म्हणाले. साफ खोटं. काका पट्टीकडे बघत होते.

टिंबं त्याच दुपारी मी काढली. प्रत्येक दुरुस्तीला कारण लिहावं लागतं. मॅडमनी सांगितलं तसं लिहिलं: 'प्रूफरीडरची चूक', आणि पुढे काकांचं पूर्ण नाव. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं. आईला फोनवर वाचून दाखवलं, ती रडली.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले. काकांच्या पिशवीतून पट्टी बाहेर डोकावत होती. म्हणाले, "तुला दिसलं होतं ना? तुझी बोटं थांबली होती तेव्हा."

मी मान खाली घातली. "मग तुम्ही मॅडमना का नाही सांगितलंत?"

"तू कन्फर्म व्हायची होतीस." मग पट्टी पिशवीत आत ढकलत, "पण मला टोकायला हवं होतंस गं. एवढं वाचून मी म्हातारा झालो, मला कोणी टोकतच नाही."

लिफ्ट आली. थांबा, चला परत, मी मॅडमना खरं सांगते, हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण निघालेल्या माणसाला टोकू नये, असा सोयीचा विचार माझ्या मनात आला. लाज वाटते आज. त्यांच्याच नियमाआड मी लपले.

मॅन्युअल अजून तेच आहे, नोंदी अजून उघडता येतात. काकांनी लावलेला प्रत्येक स्वल्पविराम, बंद केलेला प्रत्येक कंस तिथे माझ्या नावावर आहे. त्यांचं नाव त्या सगळ्या नोंदींत अकराच ठिकाणी सापडतं, तेही 'चूक' या शब्दापुढे. ते बदलता येतं का, म्हणून मी विचारून आले. नाही म्हणाले.