विरलेला पडदा

माझे वडील खालापूरला शाळामास्तर होते. मला लहानपणीच चष्मा लागला आणि दर एक-दोन वर्षांनी त्याच्या काचा जाड होत गेल्या. लग्न ठरताना वडिलांनी कडावच्या मंडळींना स्पष्ट सांगितलं, "मुलीला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचंही दिसत नाही."

"मग चष्म्यासकट येऊ दे की," सासूबाई म्हणाल्या.

विशी ओलांडली आणि डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. मी चिलटं समजून हाताने हाकलायची. पण तांदूळ पाखडताना सुपाची सरळ कड मध्येच वाकलेली दिसली, तेव्हा घाबरून नवऱ्याला सांगितलं. हे मला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, खोलीत अंधार केला आणि लहानशा आरशाने दिव्याचा उजेड आत सोडून बराच वेळ पाहिलं.

"डोळा मागच्या बाजूला लांबत गेलाय," ते म्हणाले. "जुनं लुगडं विरतं ना, तसा आतला पडदा ताणून विरलाय."

"बरा होईल?" ह्यांनी विचारलं.

"विरलं ते भरून येत नाही. आहे ते जपायचं. डोक्यावर ओझं नको, कांडण नको, बारीक शिवण नको, वाचन तर नकोच."

कर्जतला उतरून बैलगाडीत बसलो. औषधामुळे सगळं धूसर दिसत होतं. पाणी भरायचं नाही, कांडायचं नाही, शिवायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात अशी सून काय कामाची, हेच मनात घोळत होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हात धड हायत ना? मग म्हशी तुझ्याकडं. धार काढाया डोळं लागत नाय गं."

पहिले काही दिवस म्हशींनी मला दाद दिली नाही. एकीने तर चरवी लाथेने उडवली. सासूबाई मागे बसून शिकवत राहिल्या, "आवळू नको, अंगठा आत घे." हळूहळू हात बसला. म्हशीच्या ऊबदार कुशीला कपाळ टेकून मी डोळे मिटून घेई. चरवी किती भरली ते धारेच्या आवाजावरून कळे.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "होतं तेवढंच आहे. वाढलेलं नाही." डाव्या डोळ्यातलं वाकडेपण गेलं नाही, पण उजव्यावर माझं छान निभलं.

त्या वर्षी आमची धाकटी म्हैस व्याली. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे. धारेच्या वेळेला घरी परतावंच लागे म्हणून मला शेजारी लग्नाकार्यालासुद्धा निवांत बसता येत नसे, आणि मनातून त्याचा फार आनंद होई.