सत्यभामाबाईंची सात सीटर

सत्यभामाबाई आपल्या सासरच्या गावाला नुसतं ‘तिकडं’ म्हणत. तिकडं औंदा पाऊस बरा झाला म्हणे. तिकडची मका लई गोड. सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत असलेल्या त्या गावाला चांगलं नाव होतं, पण तीसेक वर्षांत बाईंनी ते तोंडातून काढलं नाही. लोक शिव्या देऊन राग काढतात, बाईंनी तो नाव न घेऊन काढला.

लग्न होऊन त्या तिकडं नांदायला गेल्या आणि तिसऱ्या दिवाळीला नवऱ्यानं, बद्रीनाथनं, त्यांना माहेरी धाडलं. त्यात वावगं काही नव्हतं. लेक दिवाळीला माहेरी येते, सण उरकला की सासरचं कुणीतरी न्यायला येतं, ही घरोघरची रीत. फक्त त्या वेळी बद्रीनाथ एस.टी.पर्यंत सोडायलासुद्धा उठला नाही. डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन बाई भर चौकातून एकट्या निघाल्या तेव्हा तो चहाच्या हॉटेलापुढच्या बाकड्यावर बसलेला होता. पेटी लागेल म्हणून त्यानं पाय तेवढा आत घेतला. सगळा चौक बघत होता.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, संक्रांत आली नि गेली. न्यायला कुणी आलं नाही. मग कुणाच्या तरी तोंडून कळलं की त्यानं दुसरी घरात आणली. काडीमोड नाही, पंचांत बसणं नाही, दोन शब्द नाहीत. शिळी भाकरी गाईपुढं टाकताना माणूस जेवढा विचार करतो तेवढाही त्यानं केला नाही. भाऊ काकासाहेब तेव्हा म्हणाले होते, “राहू दे, सत्यभामा. आपण कशाला त्यांच्या तोंडी लागायचं?” घराची अब्रू झाकली गेली आणि बाई भावाच्या घरी, चिकलठाण्याला, कायमच्या राहिल्या.

राहिल्या म्हणजे बसून खाल्लं नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागल्या, खोकी चिकटवता चिकटवता म्हाताऱ्या झाल्या. घरी आल्यावर भावजयीच्या हाताखाली स्वयंपाक. भावाचा मुलगा प्रणय तर त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्याची शाळेची फी, त्याची पहिली मोटारसायकल, त्याच्या लग्नातला मांडव, सगळ्यात आत्याचा हात होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. कपाळावर कुंकू लावायचं की नाही हे बाईंनी कुणाला विचारलं नाही. नवरा जिवंत होता, त्या लावत राहिल्या. एवढाच काय तो बद्रीनाथचा संसार त्यांच्याकडं उरला होता.

कंपनीतून सुटल्या, फंड हातात आला, आणि घरात गाडीचा विषय निघाला. आधी तो बाईंसमोर निघत नसे. मग त्या भाजी निवडत असताना निघायला लागला. शेवटी एकदा प्रणयच त्यांच्याजवळ येऊन बसला.

“आत्या, आमच्या बारक्या सत्यमला घेऊन मोटारसायकलवर लई हाल व्हतात गं.”

बाई हसल्या. लहानपणी पतंग हवा असला तरी तो असाच पायाशी येऊन बसायचा.

“देते की. नाय कुठं म्हणलं? पण माझी एक अट हाय.”

“बोल की.”

“गाडी आली की मला एकदा तिकडं न्यायचं. चौकात, हॉटेलापुढं थांबायचं. मी उतरंन, एक कप च्या पिईन, अन् परत गाडीत बसंन. कुणाशी भांडायचं नाय, काय नाय.”

“एवढंच? त्येच्यात काय आत्या! पहिल्या रविवारी जाऊ.”

वाचणाऱ्याला हे हट्टी म्हातारीचं खूळ वाटेल. वाटू दे. ज्या चौकातून डोक्यावर पेटी घेऊन जावं लागलं त्याच चौकात आपल्या पैशांच्या गाडीतून उतरायचं, आणि त्या माणसानं ते बघायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी बाईंनी फंडाची ती म्हातारपणाची काठी मोडून दिली. तीही आनंदानं.

जालना रोडवरच्या शोरूममध्ये त्या सगळ्या फेऱ्यांना प्रणयबरोबर गेल्या. तिथं काचा इतक्या स्वच्छ की पहिल्या दिवशी दारावर आपटता आपटता राहिल्या. योगिनी नावाची चुणचुणीत पोरगी गाड्या दाखवायची. प्रणयचा जीव एका छोट्या लाल गाडीत अडकला होता, छत उघडणारी. बाईंनी घरातली माणसं बोटांवर मोजली. भाऊ, वहिनी, प्रणय, सूनबाई तनुजा, छोटा सत्यम, आणि आपण.

“हिच्यात सगळे मावत नायत,” त्या म्हणाल्या.

“मावशी, सत्यम मांडीवर बसेल ना,” योगिनी म्हणाली.

“नाय बाई. मोठी दाव. उद्या कुणी म्हणायला नको, जागा नव्हती.”

प्रणयनं तोंड वाकडं केलं, पण चेक आत्याचा होता. सात सीटांची पांढरी गाडी ठरली. वेटिंग लांबलचक. या वर्षीचा दसरा मिळणार नाही, असं योगिनीनं सांगितलं तेव्हा बाईंनी तिची इतकी मनधरणी केली की ती पोरगी खरंच वर जाऊन साहेबाशी भांडली. दसऱ्याची डिलिव्हरी मिळाली. इतक्या दिवसांत बाईंनी कंपनीतल्या जुन्या मैत्रिणींना फोन करकरून कळवलं होतं. स्वतःसाठी एक मोरपंखी लुगडं घेतलं आणि ते तिकडं जायच्या दिवसासाठी बाजूला ठेवलं.

दसऱ्याला शोरूममध्ये जत्रा भरली होती. प्रत्येक गाडीवर लाल कापड, प्रत्येक कुटुंबाला केक, भिंतीवरच्या स्पीकरवर सनई. वॉचमनसुद्धा टाळ्या वाजवायला उभा. योगिनी आरतीचं ताट घेऊन आली आणि सरळ सत्यभामाबाईंपुढं धरलं. तिला बिचारीला काय माहीत? इतक्या फेऱ्यांना हीच बाई आलेली, कपाळाला कुंकू, हीच घरातली मोठी, असं तिनं धरलं.

“मावशी, तुम्ही ओवाळा.”

बाईंनी हात पुढं केले. ताट हातात आलंही. तेवढ्यात भावजय मनकर्णाबाई मधे आल्या.

“ते इकडं द्या, वन्सं. नवी वस्तू हाय, उगं कशाला…”

पुढचं बोलायची गरजच नव्हती. ताट या हातातून त्या हातात गेलं. काकासाहेब तेव्हा वाकून चाकाखालचं लिंबू नीट बसवत होते, आणि ते बसवायला त्यांना बराच वेळ लागला. एवढ्या वर्षांत बाईंना भावाची ही वाकायची सवय पाठ झाली होती. काही अवघड घडायला लागलं की त्यांना जमिनीवर काम सापडायचं.

मग पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली आली. प्रणय आणि तनुजा किल्ली धरून उभे, मागं आईवडील. बाईंनी सगळ्यांच्या पिशव्या आणि केकचा डबा धरला होता, त्यामुळं फोटोत त्यांचा एक खांदा आला. त्यांना वाईट वाटलं, का नाही वाटणार? मनाशीच म्हणाल्या, असू दे. फोटोत काय, आपल्याला चौकात उतरायचंय.

पहिला रविवार कामात गेला. दुसऱ्याला तनुजाच्या माहेरी जाणं झालं. तिसऱ्या आठवड्यात प्रणयनं उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून मागच्या काचेवर मोठी अक्षरं चिकटवून आणली: ‘आई-दादांची पुण्याई’. दादा म्हणजे काकासाहेब. सगळ्यांनी बाहेर येऊन कौतुक केलं. बाईंनीही केलं. रात्री लुगडं बाहेर काढून पुन्हा घडी घातली. शेवटी एकदाचं ठरलं, की अजिंठ्याची लेणी बघायला सगळे जाऊ आणि वाटेत आत्याचं गावही होईल. ‘वाटेत’ हा शब्द बाईंना टोचला, तरी त्यांनी वाद घातला नाही.

निघायच्या वेळी जागा ठरल्या. म्हणजे कुणी ठरवल्या नाहीत, माणसं आपोआप आपापल्या जागी गेली. काकासाहेब घरातले थोरले म्हणून प्रणयशेजारी पुढं. मनकर्णाबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या आणि तनुजा मधल्या सीटवर.

“वन्सं, तुमी अंगानं हलक्या. तुमाला मागं जमंल.”

मधली सीट दुमडली आणि मोरपंखी लुगडं सावरत बाई वाकून, रांगत मागं शिरल्या. शेजारी सत्यम आणि डब्यांची पिशवी. सीट पुन्हा सरळ झाली. गाडी ज्यांच्या पैशांची, त्या गाडीत सगळ्यात शेवटी कोंबल्या गेल्या, आणि वर प्रणय म्हणाला, “बघ आत्या, सात सीटरचा फायदा झाला का नाय?” त्याच्या मनात खोट नव्हती, आणि बाईंचा जीव तिथंच जास्त जळला. खोट असती तर भांडता तरी आलं असतं.

फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. रस्ता ओळखीचा राहिला नव्हता, पण फाटा आला तसा बाईंनी अचूक ओळखला. प्रणयनं कुरकुरत गाडी आत वळवली. बाईंनी पदर नीट केला, कुंकू चाचपलं. छातीत धडधडत होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा इतकं धडधडलं नव्हतं.

चौकात नेमका उसाचा ट्रॅक्टर आडवा होता. गाडी थांबली, तीही बरोबर हॉटेलासमोर. बाकडं बदललं होतं. माणूस तोच होता. गालांत खड्डे, दाढीची पांढरी खुंटं, हातात काठी, तरी बाईंनी त्याला एका नजरेत ओळखलं.

“प्रणय, थांब. मला उतरू दे.”

“इथं कुठं आत्या? मागून वाहनं यायलीत. तुला उतरवायचं म्हणजे आईला उतरवावं लागंल, सीट पाडावी लागंल. ट्रॅक्टर हलला की निघावं लागंल.”

“बसा की वन्सं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “काचंतून दिसतंय समदं.”

बाई काच खाली करायचं बटण शोधू लागल्या. बटण नव्हतं. त्या मागच्या काचा उघडतच नाहीत, हे त्यांना तेव्हा कळलं. वर सत्यमला ऊन लागू नये म्हणून तनुजानं काचेला काळी जाळी लावलेली.

तेवढ्यात तो माणूस काठी टेकत उठला आणि पुढच्या खिडकीशी आला. काकासाहेबांनी काच खाली केली.

“काकासाहेब न्हवं?”

“रामराम, पाव्हणं.”

पाव्हणं! बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ज्यानं बहिणीला रस्त्यावर काढलं त्याला भाऊ पाव्हणं म्हणत होता, हात जोडून.

“गाडी नवी दिसतीय.”

“व्हय. लेकानं घेतली.”

“वा! लई मोठी हाय. नशीब काढलं लेकानं.” बद्रीनाथनं मान वाकडी करून आत डोकावून पाहिलं. “मागं कोण हाय?”

बाई पुढं सरकून बसल्या. आता भाऊ बोलेल. एवढ्या वर्षांनी तरी बोलेल.

“घरचीच माणसं हायेत,” काकासाहेब म्हणाले.

बाईंनी काचेवर थाप मारली. मग दुसरी, जोरात. आवाज ऐकून बद्रीनाथ बाजूला आला, काळ्या जाळीकडं बघून बोळकं तोंड पसरून हसला, आणि लहान पोराला करतात तसा हात हलवला.

“नातू व्हय? खोडकर दिसतोय.”

“च्या राहिला, पुन्हा कवातरी,” म्हणत काकासाहेबांनी काच वर केली. ट्रॅक्टर हलला होता.

“कोण होतं, दादा?” प्रणयनं विचारलं.

“व्हता एक जुन्या वळखीचा.”

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. तनुजानं गाणी लावली. सत्यम आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आणि बाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या, कारण हाताला दुसरं काही काम नव्हतं. सगळ्यांचा राग आला होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. बद्रीनाथकडून त्यांची काही अपेक्षाच नव्हती. भावाकडून होती.

लेण्यांच्या पार्किंगमध्ये सगळे उतरले. तनुजानं सीट पाडली, सत्यमला उचलून घेतलं. बाई हलल्या नाहीत. शेवटी काकासाहेब दाराशी आले.

“उतर, सत्यभामा.”

“माझं नाव का नाय सांगितलं, भाऊ?”

“अगं, रस्त्यात, चारचौघांत… कशाला जुनं उकरायचं? चांगला दिवस हाय.”

“तेवढ्यासाठीच आल्ते मी. तेवढ्यासाठीच घेतली ही गाडी. तुला ठावं व्हतं.”

काकासाहेबांची नजर खाली गेली. तिथं सिमेंटच्या फरशीशिवाय काही नव्हतं.

“काय झालं वन्संला?” मनकर्णाबाईंनी लांबून हाक मारून विचारलं. “येत नायत का?”

“प्रणय, पुढची काच जरा उघडी राहू दे,” काकासाहेब म्हणाले, आणि दार हळूच लावून बायकोकडं वळले. “काय नाय. गाडी लागली तिला.”