दोन माणसांचं घर

लढाई संपली त्या सुमारास आमच्या गावात नळांना मीटर बसले आणि नव्या पाणीपट्टीचा तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नवा कारकून, मॅट्रिकला गणितात पहिला आलेलो, त्यामुळं अंगात मस्ती भरपूर. घरोघर जाऊन माणसं मोजली. माणशी ठरावीक घागरी सवलतीत, त्यावर वापर गेला की दुप्पट दर. साहेब खूश झाले. मी तर काय, हवेतच.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुईण मावशी राहायच्या. घरात त्या आणि सून, मुलगा पलटणीत. म्हणून मी लिहिलं : माणसं दोन. ज्यांच्याकडं एकच खोली, त्या घरच्या बायका बाळंतपणाला मावशींच्याच पडवीत यायच्या. माझा स्वतःचा जन्म तिथलाच. तरी हे मला सुचलं नाही, एवढा मी शहाणा.

पहिलं बिल घेऊन मावशी कचेरीत आल्या. "दोगींचं घर लिवलंस, बरुबर हाय. पर येवढं पानी आमी दोगीच पितो व्हय रं?"

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी."

"मग नळ तोडा. मला न्हाई झेपत."

त्यांच्या अर्जावर शिक्का मीच मारला. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात बहीण पहिल्या बाळंतपणाला लोणंदहून माहेरी आली. आमचीही खोली एकच. भर दुपारी कळा सुरू झाल्या, तिला घेऊन मावशींकडं गेलो. नळाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली, हंडे पालथे.

"बगतोस काय? पानी आन," मावशी म्हणाल्या.

चौकातल्या सार्वजनिक नळावर रांग होती. कारण कळल्यावर बायकांनी मला पुढं घेतलं. खेपांवर खेपा घातल्या. आत बहीण ओरडत होती आणि प्रत्येक वेळी पाणी कमीच पडत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खोटं नाही. मी मनातून पार घाबरलो होतो.

दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मावशींनी भाचीला धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"आता हिला कुटल्या घरात लिवनार?"

लाजेनं मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी साहेबांशी भांडून मावशींना वाढीव सवलत मिळवली, पण नळ परत जोडायला तीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत त्या पडवीत आणखी चार बाळंतपणं झाली. चारी वेळा पाणी मीच भरलं.